म्हैस व्याली म्हणून आली नाही

महाराष्ट्रात दरवर्षी रोपांची मागणी किती होते याचा आकडा वनखात्याकडे असेल, पण त्यात मराठीच्या पेपरातली मागणी धरलेली नसणार. पत्रलेखनाचा प्रश्न येतो आणि हजारो मुलं एकाच वेळी कुठल्याशा रोपवाटिकेच्या व्यवस्थापकांना वृक्षारोपणासाठी रोपं पाठवा म्हणून लिहितात. वड, पिंपळ, कडुनिंब, गुलमोहर, झालंच तर मोगऱ्याची दहा. पाठवणारा अ. ब. क., विद्यार्थी प्रतिनिधी. पिढ्यान् पिढ्या हा अ. ब. क. रोपं मागवतो आहे आणि व्यवस्थापकसाहेब काही पाठवत नाहीत. त्यातली चार आणे रोपं जरी पोचली असती तर आमच्या धाराशिव जिल्ह्यात आज वाघ हिंडले असते. (एक हिंडला म्हणा. 2024च्या अखेरीस तो टिपेश्वरहून चालत येडशीच्या अभयारण्यात आला. पण त्याने अर्ज केला नव्हता.)

पुढच्या प्रश्नात त्याच वृक्षारोपणाचा अहवाल लिहायचा असतो. रोपं आलेली नसतात, तरी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते पहिलं रोप लागतं, पाहुणे पर्यावरणाचं महत्त्व सांगतात, आभार मानले जातात आणि राष्ट्रगीताने सांगता होते. पुढे नोकरीत गेल्यावर या सरावाचा कुणाला उपयोग होत असेल, अशी शंका सुज्ञांनी घेऊ नये.

या लेखनाला आता उपयोजित मराठी म्हणतात. बारावीच्या 'युवकभारती'त मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख आहेत. अकरावीला सूत्रसंचालन आणि मुद्रितशोधन. अभ्यासक्रम चांगला आहे, उपयोजन तेवढं राहिलं आहे. ज्याला पत्राची गरज आहे असा माणूस वर्गात कुठून आणायचा? तपासणाऱ्या मास्तरांना त्या पत्रातून काहीच नको असतं. मायना, विषय, मजकूर, समारोप यांचे गुण मोकळे करून त्यांना पुढच्या गठ्ठ्याकडे जायचं असतं.

तो माणूस माकणीत भेटतो.

माकणी आमच्या लोहारा तालुक्यातलं. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण इथलं. कागदावर काहीही नाव असो, लोक त्याला माकणीचं धरणच म्हणतात. शेजारच्या लातूर जिल्ह्यातली निलंगा, औसा ही शहरं याचं पाणी पितात. जवळच्या एका महाविद्यालयाचं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर गावात उतरलं होतं आणि मला दुपारच्या बौद्धिकाला बोलावलं होतं. दुपारचं बौद्धिक म्हणजे काय, हे ज्याने दिलंय त्यालाच कळेल. पोरांनी सकाळपासून शोषखड्डे खणलेले असतात, नुकतीच आमटी-भाकरी झालेली असते आणि समोर कुणीतरी राष्ट्रउभारणी सांगत असतो. मी बोलायचं टाळलं आणि म्हणालो, तुम्ही काय लिहिताय ते दाखवा.

कारण या शिबिरात लिहिण्याचं काम होतं. 'सेवा' म्हटलं की आपल्याला घमेलं-फावडं आठवतं. हे आजचं नाही. 1959 साली सी. डी. देशमुखांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने विद्यार्थ्यांकडून सक्तीची राष्ट्रीय सेवा घ्यावी असं सुचवलं. सक्ती काही झाली नाही. दहा वर्षांनी, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969ला 37 विद्यापीठांतल्या 40 हजार मुलांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास आणि गावात सात दिवसांचं शिबिर. तेव्हापासून वर्तमानपत्रात शिबिराचा फोटो येतो तो एकच: एका घमेल्याला अकरा हात लागलेले, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. लेखणीचा संबंध फक्त शेवटच्या अहवालाशी.

अमेरिकेत 'सर्व्हिस लर्निंग' हे नाव 1967च्या सुमारास वापरात आलं. तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांत लेखनाच्या वर्गातली मुलं आता गावातल्या वाचनालयाचं माहितीपत्रक, एखाद्या संस्थेचा निधीसाठीचा अर्ज, विद्यार्थी संघटनेची नियमावली असली खरी कामं करतात आणि त्यावर गुण मिळवतात. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वर्गात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग आणलाय. दोन क्रेडिटचे साठ तास भरायचे म्हटल्यावर शोषखड्ड्यांनाही मर्यादा येते. तेव्हा हे शिबिर घेणाऱ्या प्राध्यापक बाईंनी मुलांच्या तुकड्या पाडल्या आणि गावाला विचारलं, तुमचं काही लिहायचं अडलंय का?

गावाचं लिहायचं अडलेलं असतंच. आजवर ते अडल्यावर माणूस तहसीलला जायचा आणि बाहेर झाडाखाली बसलेल्या अर्जनवीसाला गाठायचा. एवढा व्यावसायिक लेखक मराठीत दुसरा नाही. मानधन रोख, वाचक ठरलेला, आणि समीक्षा त्याच दिवशी. साहेब फक्त 'विषय' वाचतात हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो सगळी ताकद त्या एका ओळीत लावतो. खालचा मजकूर अर्जदाराच्या समाधानासाठी. 'सबब', 'सदरहू', 'मेहेरबान होऊन' असे शब्द पेरले नाहीत तर अर्जदारालाच वाटतं, पैसे वाया गेले. आता त्या झाडाखाली झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं आलीत. फॉर्ममध्ये चौकटी असतात, चौकटीत न बसणारं दुखणं मात्र अजून अर्जावरच चालतं.

तर माकणी. पहिली तुकडी एका महिला बचत गटाकडे गेली. गटाला बँकेकडे कर्ज मागायचं होतं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे ही पंचसूत्री 'उमेद' अभियानाच्या गटातल्या बाईला झोपेत विचारली तरी येते. बँक यातलं शेवटचं सूत्र बघते, म्हणजे वही. आणि वहीतलं इतिवृत्त, गटाच्या सचिव मावशींच्या मते, "लई गबाळं" होतं. पोरांनी ते नीट करून द्यायचं.

मी ती वही पाहिली. निळ्या रेघांची, कव्हरला वर्तमानपत्र, पानापानाला हळदीचं बोट. एका बैठकीची नोंद अशी: 'सगळ्या आल्या. शंभर-शंभर भरले. एक आली नाही, तिची म्हैस व्याली. तिचे पैसे सासूनं आणून दिले. कर्ज मागणाऱ्या दोघी. एकीला दिलं, दुसरीचं मागचं राहिलं म्हणून नाही दिलं. भांडण झालं. मिटलं.'

मराठीच्या तृतीय वर्षाच्या एका गुणी मुलाने याचं केलेलं शुद्धीकरणही पाहिलं. 'आजची मासिक सभा मा. अध्यक्षांच्या अनुमतीने खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न झाली. काही अपरिहार्य कारणास्तव एक सदस्या अनुपस्थित होत्या. कर्जवितरणाच्या विषयावर साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते निर्णय घेण्यात आला.'

मावशींनी ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "बाळा, छान लिव्हलंस. पर पैसे कुणी भरले?"

पोरगा वहीत बघायला लागला.

"आन् कर्ज कुणाला दिलं? बँकेचा साहेब हेच इचारतंय. अन् सर्वानुमते कुठं झालं रं? भांडण झालंतं की."

एवढं कसलेलं मुद्रितशोधन कुठल्या प्रकाशनसंस्थेतही पाहायला मिळत नाही. पहिल्या नोंदीत कोण आलं, किती भरलं, कोण का आलं नाही, पैसे कुणाच्या हातून आले, कर्ज का नाकारलं, सगळं होतं. अगदी वाद झाल्याचं आणि मिटल्याचंही. कारण उद्या तो पुन्हा उकरला तर 'मिटलं' हा शब्द पुरावा म्हणून दाखवता येतो. दुसऱ्या नोंदीत फक्त शिक्षण होतं. शेवटी ठरलं ते असं: तारीख, वेळ, हजर-गैरहजर, भरणा, कर्ज, परतफेड यांचे रकाने पोराने आखून द्यायचे, बेरजा तपासायच्या, आणि शेरा मावशींनी आपल्या भाषेत लिहायचा. म्हैस शेऱ्यात गेली. पोराने जाताना एक चुकलेली वेलांटी तेवढी दुरुस्त केली. मावशींनी करू दिली.

दुसरी तुकडी येसराच्या पाकिटामागे लागली. येसर मराठवाड्याबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. धान्य-डाळी आणि मसाले भाजून दळायचे, आणि पाण्यात कालवून आमटी करायची. लग्नाकार्यातली ही आमटी ज्याने भुरकलीय, त्याच्यापुढे बाकीच्या आमट्यांचं कौतुक करू नये. याच गटातल्या बायका येसर करून विकतात. पाकिटावर मजकूर हवा होता. वाणिज्य शाखेच्या दोन मुलींनी जाहिरातलेखनाचं प्रकरण पाठ केलेलं होतं. त्यांनी लिहिलं, 'मराठवाड्याच्या मातीचा अस्सल सुगंध, आता तुमच्या स्वयंपाकघरात!'

"मातीचा वास आला तर कोण घेईल गं पाकीट?" एक काकू म्हणाल्या. "चाळून, निवडून करतो आम्ही."

मुली हसल्या, मग खोडलं. 'आजीच्या हातची चव' लिहिलं. काकूंचं वय चाळिशीचं. तेही खोडलं. पाकीट लहान, जागा कमी, आणि कायद्याने आधीच तिथं पथारी पसरलेली: घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं, पत्ता, किंमत, चौकटीतला हिरवा ठिपका, अन्नसुरक्षेचा 14 आकडी क्रमांक. सुगंधाला राहिल्या दोन ओळी. त्या दोन ओळींत काय लिहायचं यावर अर्धा तास गेला आणि शेवटी काकूंनीच सांगितलं, "पाणी कसलं घ्यायचं ते लिव्हा. पुण्याच्या सुना गरम पाण्यात टाकतेत आन् गुठळ्या झाल्या की फोन करतेत."

'आधी थंड पाण्यात कालवा, मग उकळत्या फोडणीत सोडा.' पाकिटावर हेच छापायला गेलं. मला विचाराल तर मराठी जाहिरातलेखनात इतकी कामाची ओळ अलीकडे आलेली नाही. विकत घेणारीला काय अडतंय ते विकणारीला फोनवरून कळलेलं होतं. मुलींना ते विचारायचं सुचलं, हे शिक्षण.

गावाची माहिती लिहिणाऱ्या तुकडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांनीही थोडक्यात उरकलं होतं. भौगोलिक स्थान, हवामान, प्रमुख पिके, प्रमुख सण: दिवाळी, दसरा, होळी. मोबाइलवरून उतरवलेला हा मजकूर ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर वाचला तेव्हा एका आजोबांनी एवढंच विचारलं, "आन् येळवस?" वेळ अमावस्येला आमच्याकडे गाव रिकामं होतं आणि शिवार भरतं. कडब्याची कोपी करायची, पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील घेऊन सगळं बिऱ्हाड शेतात. ओळखीचा असो नसो, वाटेने जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. पोरं सगळी याच भागातली. आदल्याच महिन्यात प्रत्येकाने आंबील प्यालेली. तरी लिहायला बसल्यावर एकालाही ती आठवली नाही. लिहायचं म्हणजे दुसऱ्याच्या गावाचं लिहायचं, असं त्यांच्या मनात कुणी भरवलं कुणास ठाऊक. दिवाळी मग खाली सरकली.

सर्वांत अवघड काम धरणाच्या तुकडीकडे. पावसाळ्यात धरण भरलं की मोबाइलवर निरोप फिरतो: अमुक दरवाजे तमुक सेंटिमीटरने उघडून नदीपात्रात इतके क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. निरोप चोख असतो. त्यात चूक काढायला जागा नाही. पण सतर्क राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे ज्याने त्याने ठरवायचं. मुलांना साध्या मराठीत एक पत्रक करायचं होतं.

विज्ञानाच्या एका मुलाने उत्साहाने गणित मांडलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास. समजा, पाच हजार क्युसेक सोडलं, तर सेकंदाला 1 लाख 41 हजार लिटर. आमच्याकडे पाणी मोजायचं खरं माप टँकर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सेकंदाला चौदा टँकर. मग त्याला 2016 आठवलं. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. 50 वाघिणींच्या 'जलदूत'च्या एका खेपेत 25 लाख लिटर. त्याने भागाकार केला आणि तो स्वतःच थक्क झाला. पाच हजार क्युसेक म्हणजे दर अठरा सेकंदांना एक जलदूत! ज्या गाडीचे फोटो देशभर छापले गेले, तिचं पाणी पंधरा-वीस अंक मोजेपर्यंत पुलाखालून गेलेलं असणार.

मीही थक्क झालो. कट्ट्यावरचे आजोबा झाले नाहीत.

"ते खरं हाय," ते म्हणाले. "पर पुलावर पाणी येतंय का न्हाई?"

हे गणिताच्या पुस्तकात नव्हतं. ते आजोबांच्या, मोटारी काढायला रात्री-अपरात्री नदीत उतरणाऱ्यांच्या आणि पलीकडून दूध घालायला येणाऱ्या पोरांच्या डोक्यात होतं. किती पाणी सोडलं की कुठला ओढा आधी फुगतो, कुठल्या वस्तीची वाट तुटते, धरणातून सुटल्यापासून तिथं पोचायला किती वेळ लागतो. मुलं दोन दिवस त्यांच्याच मागे हिंडली. वह्या भरल्या, जबान्या जुळेनात. एक म्हणे पाणी देवळाच्या पायरीपर्यंत आलं होतं, दुसरा म्हणे आत गेलं होतं. शेवटी पत्रकात त्यांनी ज्यावर एकमत झालं तेवढंच ठेवलं. वर मोठ्या अक्षरात तीन ओळी: दावणीची जनावरं सोडा. नदीतल्या मोटारी काढा. पुलावर पाणी दिसलं तर पाय घालू नका. आकडे खाली, बारीक टायपात. छापण्याआधी ते धरणाच्या अभियंत्यांना दाखवायचं ठरलं. ते योग्यच, कारण असल्या मजकुरात लेखनस्वातंत्र्य वगैरे काही नसतं.

विचारणाऱ्या पोरांना गाव कंटाळत नाही का, असं मी गावातल्या एकाला विचारलं. तो हसला. या भागाला फॉर्मची सवय आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, तीन वाजून छप्पन मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किल्लारी-सास्तूरचा परिसर भूकंपाने हादरला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर कागद आले. टाटा समाजविज्ञान संस्थेची आणि समाजकार्याच्या महाविद्यालयांची मुलं घरोघर फिरून पाहणी करून गेली. गावांचे वर्ग पडले: अ, ब आणि क. पूर्ण हलवायची 52 गावं अ मध्ये, जागच्या जागी बांधायची ब मध्ये, आणि भेगा बुजवून घरं मजबूत करायची ती क मध्ये. पेपरातल्या अ. ब. क.ने काही लिहिलं तरी कुणाचं काही अडत नाही. इथं कुटुंबप्रमुख कोण, जमीन किती, विभक्त की एकत्र, हे पोरांनी कसं लिहिलं त्यावर घराचं माप ठरत होतं. तेव्हापासून इथला म्हातारा माणूस पोरासमोर बसला की आधी विचारतो, "हे लिव्हून कुठं जातंय?" मुलांना सुरुवातीला हा संशय वाटला. दोन दिवसांनी त्यांना उत्तर द्यावं लागेल असं कळलं, आणि मग ती स्वतःच सांगायला लागली: हे पत्रक शाळेच्या भिंतीवर लागणार, याची एक प्रत ग्रामपंचायतीत राहणार, आणि तुमचं नाव त्यात येणार नाही. पुढची उत्तरं लांब यायला लागली.

दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या त्या काळात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग'ने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं होतं. सरकारी योजना घरात समजावून सांगायची आणि घरातली अडचण अभियंत्याला. म्हणजे दोन्हीकडची मराठी येणारी बाई. बचत गटांच्या या भागात ही परंपरा जुनी आहे. मुलं फक्त तिच्यात नव्याने भरती झाली.

शिबिराच्या शेवटी गटाला एक पत्र हवं होतं. बैठकीला आणि येसराच्या डब्यांना एक खोली मिळावी म्हणून तालुक्याच्या एका कार्यालयाला. लिहिलं एका लाजऱ्या मुलीने, जिने सात दिवसांत मोजकी वाक्यं बोलली असतील. पत्रात 'सबब' नव्हतं, 'खेळीमेळी'ही नव्हती. गटाचं नाव, सदस्या किती, बैठक कधी भरते, सध्या कुठे भरते आणि पावसात तिथे काय होतं, कोणती खोली रिकामी आहे, किती दिवसांत कळवावं. एक पान, खाली सगळ्यांच्या सह्या आणि दोन अंगठे. मावशींनी ऐकलं आणि एकच सुधारणा केली: "किल्ली कुणाकडं राहील ते बी लिव्ह. तेच्यावरून भांडण होतंय."

पत्र द्यायला मावशी, ती मुलगी आणि दोघीजणी गेल्या. येताना मुलीच्या हातात दुसरी प्रत होती, आवक क्रमांक घातलेली, गोल शिक्का मारलेली, खाली सही.

"पोच घेतली?" मी विचारलं.

"बाहेरच्या अर्जनवीस काकांनी सांगितलं, सर. पोच नसली तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं."

शिबिराच्या बाई खूश झाल्या. प्रकल्पाच्या फाइलला हीच मूळ प्रत लावू, परीक्षकांवर छाप पडेल, म्हणाल्या. मुलगी आधी गप्प बसली. मग म्हणाली, "मूळ प्रत गटाच्या वहीत लावलीय, मॅडम. महिन्याने त्यांना ती घेऊन परत जायचंय. तुम्हाला झेरॉक्स देते. दोन रुपये झालेत."

बाईंनी दोन रुपये दिले.